उद्यापासून चाकू

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

साठावा वाढदिवस. अश्लेषाचं पार्सल बंगळूरहून वेळेवर पोचलं. लेक असावी तर अशी. आत खिशात मावणारा चाकू! लाल मूठ, मोठं पातं, लहान पातं, कात्री, कानस, बूच काढायचा स्क्रू आणि दात कोरायची काडीसुद्धा. दुपारभर उघड-मीट केली. चष्म्याच्या फडक्याने पुसला.

फोनवर अश्लेषा म्हणाली, बाबा, हा तरी वापरा. 'तरी' हा शब्द अनावश्यक. माझ्याकडे आधीचे दोन चाकू आहेत हे खरं. एक कंपनीतल्या लोकांनी निरोप समारंभात दिलेला, नाव कोरलेला. दुसरा मी स्वतः लोणावळ्याला घेतलेला, शिसवी मुठीचा. ते मी वापरत नाही असं तिचं आणि तिच्या आईचं मत. मी ते जपतो. दोन्हींत फरक आहे.

असो. उद्यापासून हा चाकू रोज खिशात आणि रोज वापरात. इथे लिहून ठेवतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी दुधाची पिशवी फोडायची होती. उद्घाटनाला याहून सोपं काम नाही. पातं उघडलं. त्यात माझी मिशी दिसली, इतकं स्वच्छ! मग लक्षात आलं की दूध सांध्यात शिरलं तर आतून आंबणार आणि तिथे फडकं पोचत नाही. पिशवी दाताने फोडली.

चंद्रिका म्हणाली, "अहो, दातसुद्धा साठ वर्षांचे झालेत."

उद्या नक्की.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मंगळवार आहे. नव्या हत्याराची सुरुवात आज नको. मी असलं काही मानत नाही, पण पोलादाचं काय सांगावं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चाकूंवरचे व्हिडिओ पाहिले. एक दाढीवाला अमेरिकन फार छान बोलतो. म्हणे, वापरलं नाही तर ते हत्यार नव्हे, शोभेची वस्तू. शंभर टक्के पटलं. मग त्याचेच आणखी व्हिडिओ पाहिले. तेवढ्या वेळात चंद्रिकेने विळीवर कोबी चिरला, भाजी केली, आणि जेवायला हाक मारली तेव्हा दाढीवाला पहिल्या ओरखड्याची भीती कशी घालवावी हे सांगत होता. उठावं लागलं. नेमका महत्त्वाचा भाग राहिला.

१६ नोव्हेंबर, रविवार

तळ्यावर फिरायला गेलो. अंबाजी बरोबर. हा आमच्याच बिल्डिंगमधला, देहूरोडच्या लष्करी डेपोतून रिटायर झालेला. आमच्या आठवड्याभराच्या गप्पांत मी चाकू रोज वापरतो असं माझ्या तोंडून निघून गेलं होतं. खोटं नव्हे. जे उद्यापासून होणारच आहे ते आज सांगितलं, एवढंच.

अंबाजीने पेरू घेतला आणि म्हणाला, माधवराव, काढा तुमचा चाकू. चाकू खिशातच होता. ओरखडे पडू नयेत म्हणून फ्लॅनेलमध्ये गुंडाळून, चष्म्याच्या जुन्या डबीत घालून, वर रबरबँड लावून नेतो. माझा हात खिशात गेला आणि रुमाल घेऊन बाहेर आला.

सांगितलं, धार लावायला दिलाय.

अंबाजी म्हणाला, नव्या चाकूला धार?

मी म्हणालो, फॅक्टरीच्या धारेवर विसंबून चालत नाही. नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटला नोकरी काढली की अशी वाक्यं आपोआप सुचतात. अंबाजीने मान हलवली आणि पेरू गुडघ्यावर आपटून फोडला. गुडघ्याला लागलं त्याच्या. परतताना लंगडत होता. त्यात माझी काय चूक?

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज प्रत्यक्ष सुरुवात. केळ्यापासून. पूर्ण विचार करून निवड: मऊ, आंबट नाही, बी नाही, पात्यावर ताण नाही. टेबलावर ताटली, तिच्यात केळं, शेजारी चाकू उघडा.

चंद्रिका दारात उभी राहून बघत होती. कोणी बघत असलं की हात चालत नाही. शिवाय केळ्याचा चीक काळा पडतो हे ऐनवेळी आठवलं. केळं हाताने सोलून खाल्लं. पण चाकू पूर्ण वेळ शेजारी उघडा होता. ही पहिली पायरी मानायला हरकत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चंद्रिकेने कपाटातून शाल काढायला सांगितली. कपाट उघडलं आणि थक्क झालो. काय काय साठवून ठेवलंय या बाईने! न वापरलेला डिनर सेट, घडी न मोडलेल्या चादरी. आणि मलमलच्या फडक्यात, कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळलेली ती रेशमी ओढणी. अश्लेषाने पहिल्या पगारातून आणलेली, मोरपंखी, जरीच्या काठाची. एकदाही अंगावर आली नाही.

मी तिला समोर बसवून नीट समजावलं. वस्तू वापरण्यासाठी असतात, म्हणालो. कपाटात ठेवून तू त्या वस्तूचा आणि देणाऱ्याचा अपमान करतेस. ओरखडा, डाग, सुरकुती ही वस्तू जगल्याची खूण आहे. (हे दाढीवाल्याचं, पण मराठीत मी जास्त चांगलं सांगितलं.)

चंद्रिका शालीची घडी मांडीवर घेऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "खरंय तुमचं. उद्या रोहिणीकडे वास्तुशांतीला तीच ओढणी घेते." रोहिणी म्हणजे तिची मावसबहीण, लोणावळ्याची.

माझ्या बोलण्यात वजन आहे हे घरातही कधीतरी सिद्ध होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ

जे झालं ते क्रमाने लिहितो. अक्षर वाईट येईल.

सकाळी स्कूटरवरून निघालो. चंद्रिका मागे, एका बाजूला पाय सोडून. अंगावर ती ओढणी. ऊन कोवळं होतं. कामशेत मागे पडलं, आणि कार्ला फाट्याच्या अलीकडे तिला भाजलेल्या कणसांचा वास आला. म्हणाली, थांबू या ना. म्हणून मी वेग कमी केला. तेवढ्यासाठी त्या कणसांचे उपकार आयुष्यभर विसरणार नाही.

मागून एकदम हिसका बसला. चंद्रिका "अहो" म्हणाली आणि पुढचा आवाजच निघेना. ब्रेक दाबला. वळून पाहिलं तर ती मागे, खाली ओढली गेलेली. ओढणीचं टोक मागच्या चाकात गेलेलं, आणि गळ्याभोवतीचा वेढा आवळलेला. तोंड लाल. दोन्ही हातांची बोटं वेढ्यात घालून ती धडपडत होती.

कणीसवाली धावत आली. शालूबाई तिचं नाव, ते नंतर कळलं. तिने स्कूटर एका हाताने धरली, चंद्रिकेला कमरेने आधार दिला आणि ओरडली, "आवं दादा, कापा की ती! बगताय काय नुसतं?"

तिने आपला कोयता माझ्यापुढे केला. मी म्हणालो, नको, आहे माझ्याकडे.

हे मी का म्हणालो ते नीट लिहून ठेवतो. गळ्यापाशी कोयता धोक्याचा असतो. हा तांत्रिक निर्णय होता.

डबी काढली. रबरबँड तुटला. फ्लॅनेल उलगडलं. आधी उघडला बूच काढायचा स्क्रू. मग कानस. मग कात्री, ती नखाएवढी. शालूबाई काय बोलत होती ते लिहीत नाही. मग पातं सापडलं.

आणि मग मला काही आठवत नाही. म्हणजे धार आठवत नाही, ओरखडा आठवत नाही, पात्यातली मिशी आठवत नाही. फक्त चंद्रिकेची बोटं दिसत होती, वेढ्यात अडकलेली, पांढरी पडलेली. चाकाजवळ ताणलेल्या रेशमावर पातं ठेवलं आणि जोरात ओढलं. फर्र आवाज झाला आणि ती शालूबाईच्या अंगावर कोसळली.

शालूबाईने तिला खोक्यावर बसवलं, पाणी पाजलं. "काय न्हाई झालं, मावशी, काय न्हाई," म्हणत पाठ चोळत राहिली. चंद्रिका खोकली, रडली, मग तिने माझ्याकडे बघितलं. मी चाकू हातात धरून तसाच उभा होतो. पात्यावर वंगणाचा काळा पट्टा होता.

ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पुसा तो आधी. नाहीतर तुम्हाला जेवण जायचं नाही."

आणि हसायला लागली. मग मलाही हसू आलं, आणि हसता हसता मी खाली रस्त्याच्या कडेलाच बसलो. शालूबाई म्हणाली, दोगंबी येडीच हायत. आम्हाला एकेक कणीस दिलं. मला ते धरता येईना. चंद्रिकेने धरलं, मी खाल्लं.

वास्तुशांतीला गेलोच. डॉक्टर आधी. गळ्यावर वळ आहे, बाकी काही नाही, म्हणाले. रोहिणीकडे सगळ्यांना माझं प्रसंगावधान सांगितलं. प्रत्येक नवा पाहुणा आला की पुन्हा सांगावं लागलं. शेवटच्या खेपेला चंद्रिका मध्येच म्हणाली, "कोयत्याचं पण सांगा." तिने ऐकलं होतं तर.

चाकू आत्ता पाहिला. मोठ्या पात्याला चाकाच्या लोखंडाचा लांब ओरखडा आहे. बराच वेळ पाहिला. काही वाटलं नाही. भीती गेली. आता रोज वापरणार, कशालाही. उद्यापासून नवा माधवराव.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी चाकू खिशात घालायला गेलो तर जागेवर नव्हता. स्वयंपाकघरात सापडला. चंद्रिका त्याने मिरच्या चिरत होती. फारच छान चालतो, म्हणाली. मी म्हणालो, तो माझा आहे. ती म्हणाली, जीव माझा वाचवलाय त्याने.

यावर उत्तर आहे. दुपारपर्यंत सुचेल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सुचलं नाही. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. चंद्रिकेने सगळी फळं त्याच चाकूने कापली. डाळिंबसुद्धा. लिंबूसुद्धा! मी पाठ फिरवून पेपर वाचला.

उरलेली अर्धी ओढणी तिने कडेने शिवून घेतली आणि थंडीत ती मफलर म्हणून गुंडाळते. गाठ मात्र मारत नाही. भाजी आणायला, बँकेत, सगळीकडे तीच. रंग तिला शोभतो. हे मी तिला सांगितलं. "आधी का नाही सांगितलंत?" म्हणाली. आधी ती कपाटात होती.

३० नोव्हेंबर, रविवार

अश्लेषाला आजवर काही कळवलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर तिनेच ओढणी ओळखली आणि विचारलं, आई, एवढीशी कशी झाली? मग सगळं सांगावं लागलं. आधी घाबरली, रडली, आईला गळा दाखवायला लावला. मग म्हणाली, बाबा, शेवटी वापरलात!

मी म्हणालो, चाकू आता रोज वापरात आहे. मागून चंद्रिका खोकली. तिला तो खोकला रस्त्यावरच्या प्रसंगापासून राहिलाय की काय, विचारलं पाहिजे.

७ डिसेंबर, रविवार

ठरलं. ज्याच्यावर हक्क उरला नाही त्याचा शोक नको. शिसवी मुठीचा चाकू काढायचा आणि आजपासून वापरायचा. भीती गेलेलीच आहे.

काढला. सुंदर आहे. पण थंडीत लाकूड आक्रसतं. मुठीला आधी तेल मुरवावं लागेल. तेल कोणतं, यावर दाढीवाल्याचा एक मोठा व्हिडिओ आहे.

१० डिसेंबर, बुधवार

तेल मुरतंय. यात घाई करून चालत नाही. निरोप समारंभाचा चाकू काढून पाहिला. त्यावर नाव कोरलंय, वापराने अक्षरं पुसट होतील. तो विषय बंद.

१४ डिसेंबर, रविवार

अंबाजी दारात आला. त्याच्याकडे नवी गादी आलीय, तिच्यावरच्या पट्ट्या कशानेच तुटेनात. मी आनंदाने उठलो. म्हटलं, चाकू ना? आणतो.

तो म्हणाला, "वहिनींचा तो लाल चाकू मिळेल का म्हणून आलो होतो. सगळी बिल्डिंग नेते, म्हटलं आपण पण मागावा. वहिनी घरात आहेत का?"

चंद्रिका आतून आली. अंबाजीकडे बघून म्हणाली, भावजी, द्यायला काही हरकत नाही, पण तुम्ही ओढाताण कराल. हेच घेऊन येतील, काम झालं की लगेच परत आणतील. मग चाकू धुतला, पुसला आणि माझ्या हातात देत म्हणाली, "जपून हं. तुम्हाला सवय नाही."

अंबाजीच्या घरी पट्ट्या त्याने स्वतःच कापल्या. मी गादी धरली.

परत येताना जिन्यात कोणी नव्हतं. चाकू खिशात घातला. छान बसतो. लिफ्ट होती, तरी जिन्याने आलो.