मागची पायरी

आई, आम्ही जयनगरात घर घेतलं. हे वाक्य तुला सांगायचं म्हणून गेले काही आठवडे मनात घोळवते आहे, आणि दर वेळी तुझं उत्तरही ऐकू येतं: "जयनगरात? कुणाचं?" तुझ्या लेखी जयनगरातलं घर हे कुणाचं तरी असायचं. वकिलांचं, डॉक्टरांचं, नाहीतर रोज मोजून चारच चपात्या लागणाऱ्या त्या दोघी बहिणींचं. आपलं ते यशवंतपूरला, धान्याच्या बाजारामागे, दोन खोल्या आणि सामाईक नळ. निपाणीहून इथं आलीस तेव्हा तुला कानडी येत होती आणि चपात्या येत होत्या, आणि राजधानीच्या या भात खाणाऱ्या गावात डॉक्टर ज्याला त्याला भात कमी करायला सांगू लागले होते. लोकांच्या साखरेवर आपली मीठ-मिरची चालते, असं तू हसत म्हणायचीस. सगळे तुला चपाती अक्का म्हणायचे. दुसऱ्याच्या लाटण्यानं तुझा हात चालायचा नाही, म्हणून स्वतःचं लाटणं पिशवीत घालून, मॅजेस्टिकच्या मोठ्या स्टँडवर बस बदलून तू जायचीस. आता यशवंतपूरला बसलं की मेट्रो थेट जयनगरला सोडते. तुझ्या वेळी ती असती तर दांडीला धरून उभ्या उभ्या डुलक्या काढायची तुझी कला वाया गेली असती.

मे महिन्याची सुट्टी आहे, मी आठ-नऊ वर्षांची आहे आणि तू मला बरोबर नेलं आहेस. वकिलांच्या घराला पुढे लाल, गुळगुळीत पायऱ्या आहेत. फाटक उघडून तू कडेच्या बोळातून, कंपाउंडची भिंत आणि घर यांच्या मधून, मागे निघून जातेस. मी पायरीवर बसते. एवढ्या उन्हातही ती गार आहे. मी मागे नाही हे लक्षात येताच तू परत येतेस, माझा दंड धरतेस. "ती वाट आपली न्हवं. ऊठ की." बस, एवढंच. ओरडली नाहीस, मारलं नाहीस. मागे स्वयंपाकघराच्या दाराशी एक उंच पायरी होती, शेजारी कपडे धुवायचा दगड आणि कढीपत्त्याचं झाड. तिथं मला बसवून तू आत कणीक मळायला गेलीस. त्या पायरीवर बसून मी ठरवून टाकलं की एक दिवस जयनगरात पुढच्या दारानं शिरायचं, तेही स्वतःच्या घरात. लहानपणी माणूस काय काय ठरवतं आणि विसरून जातं. पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. मी डूख धरते.

तुझ्या जावयाला यातलं काही पटत नव्हतं. तो मूळचा पुण्याचा, त्याला घर म्हणजे आधी पार्किंग लागतं. "अगं, इथे क्लबहाउस नाही, सिक्युरिटी नाही, उद्या रिसेल करायचं झालं तर कोण घेणार हे जुनं बांधकाम?" मी म्हटलं, विकायला कोण घेतंय? शेवटी पुण्याचा फ्लॅट विकून आणि कर्ज काढून आम्ही शोध सुरू केला, तेव्हा या घराचं कळलं. छोटंसं, जुनं, बैठं घर. मालकीणबाई एकट्या, ऐंशीच्या घरातल्या. लेकाकडे कायमच्या राहायला जायच्या होत्या, पण घर पाडणाऱ्याला देणार नाही म्हणून बिल्डरला परत पाठवलेलं. कोण राहणार ते स्वतः बघून ठरवणार म्हणाल्या होत्या, आणि दोन-तीन गिऱ्हाइकांना नुसतं बघूनच नको म्हटलं होतं. एजंटानं मला पढवून ठेवलं. "मॅडम, कंपनीचं सांगा, मिस्टरांची पोस्ट सांगा. बाकी घरची हिस्टरी कशाला?" हे घर हातचं गेलं तर जयनगराचा नाद सोडायचा, असं मी नवऱ्याला कबूल करून बसले होते. तेव्हा जे काय व्हायचं ते त्याच सकाळी होणार होतं.

आणि ऐक, मी काय केलं. नवरा गाडीला जागा शोधत राहिला, एजंट रस्त्यावर फोनवर बोलत उभा होता. मी फाटक उघडलं आणि पाय सरळ डावीकडच्या बोळात वळले. कुंड्या ओलांडल्या, पाण्याची मोटर ओलांडली, आणि भानावर आले ती मागच्या दाराशी. वकिलांकडे होती तशीच उंच पायरी, तसाच कढीपत्ता, आणि धुण्याचा दगड समोर. खांद्याला लॅपटॉपची बॅग, आणि चपला मी आधीच काढून भिंतीशी जोडीनं ठेवल्या होत्या. दारात मालकीणबाई, म्हणजे अज्जी, उभ्या. कानडीत म्हणाल्या, "घर बघायला येणार होतात ते तुम्हीच ना? मग पुढची बेल का नाही वाजवलीत?"

चुकले म्हणून सांगता आलं असतं. एजंटाची शिकवणी जिभेवर होती. पण त्या दगडाशी उभं राहून तुझ्याविषयी थाप मारायची म्हणजे फारच झालं असतं. मी म्हटलं, "माझी आई या भागात घरोघरी चपात्या करायची. तिच्याबरोबर आले की मागूनच यायचे. पाय वळले." अज्जींनी माझ्याकडे बघितलं, चपलांकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. मग गुडघ्यावर हात टेकत त्या स्वतःच पायरीवर बसल्या. "सरी, असू दे. बस अम्मा, स्वल्प बस." मी बसले. "मी या घरात पुढून आले ती एकदाच, लग्न होऊन. मग भाजीवाली मागं, धुणं मागं, पोरांच्या आंघोळी मागं. पुढं सासरे बसायचे, नंतर हे बसायला लागले. पुढच्या दाराची किल्ली कुठल्या खिळ्याला असते, ते मला हे गेल्यावर कळलं." भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होत्या. "येतात ते सगळे हॉल बघतात, भिंत पाडता येईल का विचारतात. इथपर्यंत कुणी आलंच नाही." पुढे बेल वाजत होती. तुझा जावई होता. आम्ही दोघी उठलो नाही. बेल थांबल्यावर त्यांनी विचारलं, "हा दगड काढणार का?" मी नाही म्हटलं. घर आपलं झालं ते तिथं, पुढचं रजिस्ट्रेशन वगैरे नंतरचं.

वास्तुशांतीला मी पुढच्या दारानं उजवं पाऊल टाकून शिरले. रडू येईल असं वाटलं होतं, पण भटजींना दुसरीकडे जायची घाई होती आणि माझ्या हातातल्या कलशातलं पाणी साडीवर सांडत होतं. आता आपल्याकडेही एक बाई येतात चपात्या करायला, अथणीकडच्या आहेत. पहिल्याच दिवशी मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "अक्का, पुढच्या दारानं यायचं हं." दोन दिवस आल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पुढनं लई वळसा पडतोय बाई. मागनं आलं की सीदा ओट्यावर. मला चार घरं हाईत." माझ्या एवढ्या वर्षांच्या निश्चयासाठी त्यांच्याकडे वेळ नव्हता. मी मागचं दार उघडं ठेवायला लागले.

काम झालं की त्या पायरीवर बसून कॉफी पितात. परवा खिडकीतून बघितलं आणि मला तू दिसलीस. शेवटची चपाती उतरवून तू अशीच बसायचीस, पाय लांब सोडून, स्टीलचा पेला दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून. मी समजायचे, हिला आत बसू देत नाहीत. आता त्या पायरीवर मीही बसते. दुपारी चारनंतर कढीपत्त्यातून वारा येतो, आई, आणि तो पुढच्या खोलीत येत नाही. यशवंतपूरच्या दोन खोल्यांत तुला अशी जागा नव्हती, जिथं कुणी हाक मारणार नाही. तुला तो अपमान वाटायचा की विसावा, हे मी तुला कधी विचारलंच नाही. तुझा म्हणून जो राग इतकी वर्षं जपला, तो कदाचित माझा एकटीचाच असेल. तसं असेल तर मला फार बरं वाटेल.

हे पत्र तुझ्या लाटण्याच्या पिशवीत ठेवते; तू गेल्यापासून ती माझ्याजवळ आहे, आता आपल्या ओट्याखाली. आणखी एक, कुणाला सांगितलेलं नाही. पुढच्या दाराची किल्ली मी नवऱ्याकडेच ठेवली आहे. संध्याकाळी ऑफिसमधून येते ती मी बोळातूनच येते, आणि चपला भिंतीशी काढते.