गजर वाजला तरी बसा

मी, गल्लीत ‘चौकटवाली’ म्हणून ओळखली जाणारी, लोकांच्या फोटोंना चौकटी करून पोट भरणारी, अविवाहित, पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला जितकं जवळ यावं लागतं, तितकं कोणी आलेलं नाही.

१. राहतं घर दादाच्या मुलीला द्यावं. माझं मूत्राशय जन्मतःच पोटाबाहेर होतं. लाखात एखाद्या मुलाला असं होतं. लहानपणी शस्त्रक्रिया करून ते आत घातलं, पण लघवी काही थांबेना. शाळेत माझा फ्रॉक ओला झाला की दादा धावत यायचा, पाण्याची बाटली आम्हां दोघांच्या अंगावर उपडी करायचा आणि धांदरट म्हणून बाईंची बोलणी खायचा. घर देऊन ते फिटत नाही, पण याहून मोठं माझ्याकडे काही नाही.

२. जेवणाच्या टेबलाच्या सगळ्या खुर्च्या काकूच्या सुनेला द्याव्यात. तिच्या घरी मी बसण्याआधी काकू खुर्चीवर रबरी कापड अंथरायची, तेही पाहुण्यांसमोर. माझ्या या खुर्च्यांवर मी आयुष्यभर कापडाशिवाय बसले आहे. हवं तर धुवून घ्याव्यात.

३. बँकेतली ठेव माझ्यावर उपचार झाले त्या रुग्णालयाच्या मुलांच्या वॉर्डाला द्यावी. अट एकच, तिथल्या प्रत्येक संडासाला आतून लागणारी कडी हवी. मोठेपणी तिथल्याच सर्जनबाईंनी आतड्याचा तुकडा जोडून माझं मूत्राशय मोठं केलं आणि बेंबीत एक बारीक तोंड ठेवलं. तेव्हापासून मी ठरावीक वेळी बेंबीतून नळी घालून लघवी काढते आणि बहुतेक कोरडी असते. कोरड्या कपड्यांत पहिल्यांदा बाजारात गेले, तेव्हा काही घ्यायचं नसताना उगाच दोन गल्ल्या जास्त फिरले.

४. करवत आणि गुण्या समोरच्या सुताराला. काटकोन बघायचा गुण्या त्याने वापरावादेखील. त्याच्या टेबलांना गरज आहे.

५. हिरकणी, म्हणजे काच कापायचं हत्यार, मागायला शेजारच्या चष्म्यांच्या दुकानातले चष्मेवाले येतात. त्यांची स्वतःची आहे; मी पाहिली आहे. येतात, बसतात, आणि माझ्या मनगटावरच्या घड्याळाचा गजर वाजला की ताडकन उठतात. “चला, तुमची वेळ झाली.” त्यांना वाटतं, त्यांनी किती बसावं हे मी गजर लावून ठरवते. गजर नळीचा असतो. पण ते माझ्याने सांगवलं नाही, आणि इतकी वर्षं ते चहा अर्धा टाकून जात राहिले.

एकदा म्हणाले, “एखाद्या सुट्टीला समुद्र बघून येऊ या का?”

“दुकान कोण बघणार?” मी म्हटलं. सुट्टीला दुकान बंदच असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

जीभ रेटत नाही म्हणून इथे लिहिते. चष्मेवाले, मला तुमची फार ओढ आहे. तुम्ही गेल्यावर तुमचा कप मी लगेच विसळत नाही. मला तुमच्याबरोबर समुद्र बघायचा आहे. वाटेत गाडी थांबवावी लागेल, पिशवीत नळी असेल, एखाद्या रात्री अंथरूण ओलं होईल. हे वाचून जायचं असेल तर जा. नाहीतर गजर वाजला तरी बसा. मी आत जाऊन येते.

६. चष्मेवाल्यांना काहीही ठेवलेलं नाही, कारण त्यांना साक्षीदार नेमलं आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं वकीलबाई सांगतात. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही, असंही त्या म्हणाल्या. मी वाचायला लावणार आहे.

साक्षीदार पहिल्या: वकीलबाई (सही)

साक्षीदार दुसरे: चष्मेवाल्यांनी सगळं वाचलं. पाचवं कलम पुन्हा वाचलं. मग पेनाला टोपण लावून माझ्या हातात दिलं. “सही दुसऱ्या कोणाची तरी घ्या. साक्षीदाराला काही मिळत नसेल, तर मला नाही व्हायचं साक्षीदार.”

स्थळ: दुकानाची मागची खोली

तारीख: नवा कागद कधी करायचा, असं वकीलबाई विचारताहेत. म्हटलं, घाई नाही.