मागचा ॲक्सल

कालार्का,
९ मार्च २००४

प्रिय अर्सेसियो,

अक्षर ओळखलंच असेल. आधी सांगून टाकते, कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही, आणि आपली लेक यामिले काली शहरात नवऱ्याबरोबर मजेत आहे. तेव्हा पत्र उभ्याने वाचत असाल तर खाली बसा. गुडघा बरा आहे ना? तुलिओ वरच्या खेपेहून आला की म्हणतो, तुम्ही लंगडता. पण तुलिओची जीप जशी निम्मी रस्त्यावर आणि निम्मी गटारात चालते, तसं त्याचं बोलणंही निम्मंच धरायचं, हे मला माहीत आहे. इकडे सगळं ठीक. शेजारच्या इनेल्दाने घराला पुन्हा रंग दिलाय, या खेपेला जांभळा.

लिहायचं कारण वेगळंच आहे. मागच्या अंगणातल्या आपल्या विलीस जीपवरची ताडपत्री मी काढली. इतक्या वर्षांत काढली नव्हती. खाली काय उरलं असेल याचं एकदम कुतूहल वाटलं, इतकंच. एक मांजरी निघाली, तिची पिल्लं निघाली, आणि बाकीची गाडी तुम्ही ठेवली होती तशीच, बांबूच्या ओंडक्यांवर टेकवलेली. पुढचा ॲक्सल जागेवर आहे. मागे मोकळं. मागचा तुम्ही वर डोंगरावर जाताना काढून नेलात आणि त्याचा ट्रेलर केलात, हे साऱ्या कालार्काला ठाऊक आहे. मी ते उकरून काढायला लिहीत नाहीये.

मला गाडी उभी करायची आहे. जूनअखेरच्या विलीसच्या मिरवणुकीसाठी, घर हलवायच्या गटात. अख्खं घर एका गाडीवर रचायचं, खाटेपासून कोंबडीपर्यंत, आणि चौकातून फिरवायचं. आजवर कडेला उभी राहून टाळ्या पिटल्या, यंदा स्टिअरिंगवर मी.

हसू नका. मी शिकतेय. शिवणकाम उरकलं की ओव्हिदिओच्या गॅरेजात जाऊन बसते. तुमच्याच हाताखालचा ओव्हिदिओ, आता पोट सुटलंय. तो म्हणाला, "डोन्या रुबिएला, जुन्याच्या नादी लागू नका. जपानी गाडीचे दोन्ही ॲक्सल टाकू, रुंद, डिस्क ब्रेकवाले. लोण्यासारखी पळेल."

"आणि दिसेल कशी?"

"दिसायचं काय त्यात? चाकं जराशी बाहेर येतील."

मी पर्समधून टेप काढली आणि मोजलं. दोन्हीकडे चांगली वीतभर बाहेर. आजीच्या झग्याखाली फुटबॉलवाल्याचे पाय दिसावेत तशी दिसली असती. मी नको म्हटलं. तो म्हणाला, मग भंगारात जुन्या विलीसचाच मागचा ॲक्सल शोधा.

तर सांगा, कोणता घेऊ? आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना पानं किती ठेवू? ओव्हिदिओ म्हणतो जितकी जास्त तितकी बरी. मला वाटतं, तसं असतं तर सगळ्यांनीच ठासून भरली असती.

उत्तर द्या. चार ओळी चालतील.

रुबिएला

ता. क. सहज विचारते. दुपारी चारला तुम्ही काय करता?


कालार्का,
१४ एप्रिल २००४

प्रिय अर्सेसियो,

चार ओळी म्हटलं तर तुम्ही मोजून चारच लिहिल्यात. शब्दाचे पक्के, हे मानलं. तुलिओने कागद दिला आणि दारातच उभा राहिला, मी वाचताना तोंड कसं करते ते बघायला. त्याला कॉफीही दिली नाही.

तुम्ही लिहिलंत, 'ॲक्सल कोणताही घे, पण पुढच्याचं आणि मागच्याचं गणित जुळलं पाहिजे.' हे पत्र मला आठवडाभर आधी मिळायला हवं होतं. तोवर मी ॲक्सल घेऊन बसले होते, पाट्यांसकट, शेजारच्या आर्मेनिया शहरातल्या एका भंगारवाल्याकडून. जुन्या विलीसचाच, वर नवा रंग. मला वाटलं, जुन्याचं जुन्याशी जमणारच.

तुमचं पत्र वाचून मी ओव्हिदिओला म्हटलं, जुळतं की नाही हे बघायचं कसं? तो डोकं खाजवायला लागला. मग आम्ही आमचाच उपाय काढला. ॲक्सल उचलून धरला, चाकावर आणि इंजिनाकडून येणाऱ्या दांड्यावर शिंप्याच्या खडूने रेघ मारली, दोन्ही चाकं एकाच वेळी एक पूर्ण फेरा फिरवली आणि दांडा किती वेळा फिरतो ते मोजलं. पुढच्याला पाचहून जास्त. मागच्याला चार आणि वर थोडंसं. पुन्हा मोजलं. खडू पुसला जातोय म्हणून लिपस्टिक लावली. तरी तेच.

"मग काय होईल?" मी विचारलं.

"सपाटीला काही नाही, मागच्या चाकांवर चालवायची. पण चढाला चारही चाकं जोडलीत की पुढची म्हणणार मी अशी जाते, मागची म्हणणार मी तशी. गाडी जागच्या जागी उड्या मारेल आणि काहीतरी तुटेल."

मी म्हटलं, "म्हणजे अर्सेसियो आणि मी."

ओव्हिदिओ लाजला हो! एवढा बाप्या, कानापर्यंत लाल. पण आपलं तसंच होतं ना? तुमचे वडील गेल्यावर तुम्हाला वर जाऊन कॉफी सांभाळायची होती. मला शिवणाचं दुकान सोडून चिखलात राहायचं नव्हतं. कुणाचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. दोघांनी एकाच वेळी जोर लावला, एवढंच.

असो. तुम्ही विचारलंत, माल किती? मिरवणुकीचा असतो तेवढाच. खाट, कपाट, मशीन, भांडीकुंडी, देवीची तसबीर, वर बांधलेली कोंबडी. तुम्ही शंभर वेळा पाहिलंय, त्यात विचारायचं काय?

आणि दुपारी चारचं उत्तर दिलंत याबद्दल मनापासून आभार. 'चारला बाकावर बसतो. ढग खालून वर येतात ते बघतो.' ढग खालून वर कसे येतात? दरीतून येतात की झाडांमधून? अंगावर येतात तेव्हा ओले लागतात का? वाळत घातलेले कपडे मग काय करता? आणि बाक भिंतीकडे की कड्याकडे? मी इथे काजं करताना चार वाजले की सुई हातात तशीच राहते. आता तुम्ही तिथे बसलात, आता वर आले असतील, असं मनात चालू होतं. काल एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला बटणं उलट्या बाजूला लावली.

गुडघ्याचं काहीच लिहिलं नाहीत. म्हणजे तुलिओ खरं बोलला.

रुबिएला


कालार्का,
२३ मे २००४

प्रिय अर्सेसियो,

हे पत्र हातात पडेपर्यंत तुलिओने सगळा तमाशा सांगितलेला असेल, तिखटमीठ लावून. तरी माझ्याकडूनही ऐका.

काल गाडी भरून पाहायची ठरवली. न जुळणारा ॲक्सल तात्पुरता बसवला होता, मागच्या दोन चाकांवर चालवायचं म्हणून. सामान रचलं, दोर आवळले आणि दफनभूमीच्या मागच्या चढावर घेतली. अर्ध्या चढापर्यंत माझ्यासारखी शहाणी मीच. मग समोरचा रस्ता खाली गेला. झाडं दिसायला लागली, झाडांचे शेंडे, आणि मग नुसतं आभाळ. स्टिअरिंग असं हलकं झालं की हातात पोळपाट धरलाय म्हणावं. अर्सेसियो, पुढची चाकं हवेत होती!

भंगारवाल्याने ते पाटे कसल्या गाडीचे दिले होते ठाऊक आहे? मिरवणुकीत मागच्या चाकांवर उभी करून गोल फिरवतात ना, तसल्या गाडीचे. मुद्दाम बसके केलेले. मागे वजन पडलं की गाडी घोड्यासारखी उभीच राहणार. आणि लोकांना वाटलं, मी सराव करतेय! केळीवाले, शाळेची पोरं, दफनाला आलेली माणसंसुद्धा टाळ्या वाजवायला लागली.

"पुन्हा, डोन्या, पुन्हा!"

"एक हात सोडा की! काय भिता?"

"आता उतरा आणि बाजूने चाला!"

इकडे मी देवीचं नाव घेत होते आणि त्याच तोंडाने शिव्याही देत होते. शेवटी ओव्हिदिओ धावत आला आणि उडी मारून बोनेटवर बसला. ते सुटलेलं पोट पहिल्यांदाच कामाला आलं. चाकं खाली टेकली, आणि तो तसाच बसून राहिला, मी गाडी उलटी घेत सपाटीवर आणेपर्यंत. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

मग सामान उतरवताना एक पेटी उघडली गेली. ओव्हिदिओने आत पाहिलं. वर पाहिलं. म्हणाला, "डोन्या, मिरवणुकीला लोक मोडकी खाट आणतात, फुटकी भांडी आणतात. तुमच्या चादरी इस्त्री केलेल्या आहेत."

"मला नीटनेटकं आवडतं."

"आणि ही लोकरीची पांघरुणं? चार? कालार्काच्या उकाड्यात?"

मी पांघरुणांची घडी सारखी केली. तो भला माणूस, त्याने पेटी बंद केली, दोर पुन्हा गुंडाळला आणि म्हणाला, "वर थंडी असते खरी." त्यानंतर गाडीचा विषय निघाला नाही. त्याने मक्याच्या अरेपा आणल्या, आम्ही दोघांनी गॅरेजच्या पायरीवर बसून खाल्ल्या.

तुमच्या दुसऱ्या पत्रात एकच ओळ होती. 'माल किती आणि कुठपर्यंत, खरं सांग, त्याशिवाय पाटे सांगता येणार नाहीत.' मी महिनाभर त्या ओळीला वळसे घालत होते. आता सांगते.

मिरवणूक हे सोंग होतं. या गावात बाईने भर दिवसा अख्खं घर गाडीवर चढवलं तर जूनमध्ये कुणी का म्हणून विचारत नाही, उलट दोर धरायला येतात. म्हणून ते निमित्त काढलं. माल म्हणजे माझी खाट, माझं मशीन, कपाट, ती पेटी. कुठपर्यंत, तर तुमच्या दारापर्यंत. मला तुमच्याकडे राहायला यायचंय, अर्सेसियो. दुकान चालत नाही म्हणून नाही, चांगलं चालतंय. म्हातारपणाची भीती वाटते म्हणूनही नाही. एके दिवशी दुपारी काजं करताना सहज मनात आलं, तुम्ही आत्ता काय करत असाल, आणि लक्षात आलं की मला माहीत नाही. ज्या माणसाच्या शर्टाचं माप मी डोळे मिटून सांगू शकते, त्याची दुपार कशी जाते हे मला माहीत नाही. ते मला सहन झालं नाही.

भाड्याच्या जीपमधूनही येता आलं असतं. तुलिओ हसत हसत घेऊन आला असता. पण भाड्याची गाडी फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभी राहते, आणि तिच्यातून उतरलेलं माणूस पाहुणा ठरतं. तुम्ही कॉफी दिली असती, मी चांगली आहे म्हटलं असतं, आणि अंधार पडायच्या आत तिने मला परत आणलं असतं.

या गाडीच्या पुढच्या ॲक्सलशी जुळणारा एकच ॲक्सल मला ठाऊक आहे. तो तुमच्या ट्रेलरखाली आहे. दुसरा शोधत बसले तर कदाचित मिळेलही. पण मला तोच हवाय. मी तुमच्या मागे येऊ नये म्हणून तुम्ही तो नेलात, असं वाटून मी कित्येक वर्षं तुमच्यावर रागावले होते. हल्ली दुसरंच मनात येतं. मी कधीतरी तो मागायला यावं, म्हणून तर नेला नव्हता? यातलं खरं कुठलं, ते तुमच्या तोंडून ऐकायचंय. जे असेल ते सांगा.

ट्रेलर मोडला तर कॉफीची पोती खेचरावर लादावी लागतील, आणि गुडघा असा. कळतं मला. सुगी आटोपू दे. जूनची मिरवणूक हुकली तर हुकू दे. आणि मी यायला नको असेन तर पत्र लिहायचे कष्ट घेऊ नका, ॲक्सल आहे तिथे राहू द्या. मी रडेन, तुमच्यापासून लपवत नाही, पण पुन्हा विचारणार नाही. यायला हवी असेन तर मात्र तो तुलिओकडे देऊन पाठवू नका. स्वतः घेऊन या. बसवायला दोन माणसं लागतात आणि ओव्हिदिओला मी सुट्टी दिली आहे.

पाट्यांना पानं किती, ते तुम्हीच ठरवा, त्यातलं तुम्हाला जास्त कळतं. फक्त एवढं धरून चाला, की वर येताना गाडी पूर्ण भरलेली असेल, आणि परतीचा माल काहीच नाही.

तुमची, अजूनही,
रुबिएला