भाऊंना पडलेलं एक मत

३ मार्च, सकाळी
ठरलं. यंदा मत बाईंना. बाई म्हणजे रिटायर्ड मुख्याध्यापिका, भाऊंच्या विरोधात उभ्या आहेत. भाऊ म्हणजे आमचे वर्षानुवर्षांचे नगरसेवक. रस्ता झाला नाही, गटार झालं नाही, भाऊंचा बंगला मात्र झाला. कुणीतरी ताठ उभं राहायला हवं. मी कुणाच्या बापाला घाबरत नाही.
(घरात सांगितलंय. हे बाहेर बोलायचं नाही.)

५ मार्च
कॉलनीचा कल काढला. टाकीच्या दुरुस्तीचं निमित्त करून घरोघर फिरलो. प्रत्येक हॉलमध्ये भाऊंनी फुकट वाटलेलं कॅलेंडर. वर हात जोडलेले भाऊ, खाली चिमुकल्या तारखा. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी तर पेशंटच्या खुर्चीसमोरच लावलंय. निष्कर्ष स्पष्ट: अख्खी कॉलनी भाऊंची. माणसं ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही.
कॅलेंडर आमच्याकडेही आहे, पण ते भिंतीवरची ओल झाकायला. त्याचा राजकारणाशी संबंध नाही.

८ मार्च, दुपारी
ऑफिसात बसल्या बसल्या घाम फुटला. निकाल बूथप्रमाणे जाहीर होतात. आमच्या कॉलनीला स्वतंत्र बूथ. सगळी मतं भाऊंना आणि एकच बाईंना पडलं तर? तो एक कोण, हे शोधायला पोलीस लागत नाहीत.
आणि आमची गॅलरी. परवानगी न घेता बंद करून लेकीला अभ्यासाची खोली केली आहे. कॉलनीच्या गेटच्या उद्घाटनाला आले तेव्हा भाऊंनी वर बघितलं होतं. छान खोली काढलीत, म्हणाले. हसून म्हणाले. ते हसणं आठवलं की अजून मी गॅलरीचा पडदा ओढून घेतो.

१० मार्च
बायकोला सहज विचारलं, मत कुणाला? ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, मतदान गुप्त असतं, तुम्हाला काय करायचंय.
समजलो. हीसुद्धा भाऊंची. घरातच फितुरी.

१२ मार्च
भाऊंचा माणूस गेटपाशी बाइक लावून आमच्या गॅलरीकडे टक लावून बघत होता. मी पडद्याआड. चहा थंड झाला. लेक म्हणाली, बाबा, त्याची दाढ सुजलीय, डॉक्टर कधी येतात ते बघतोय. पोरीला राजकारण कळत नाही.

१५ मार्च, मतदान, सकाळी
मोडेन पण वाकणार नाही.

त्याच दिवशी, जेवणाआधी
वाकलो. बोट बाईंच्या बटणावरच होतं. तेवढ्यात मागे कोणीतरी खाकरलं आणि बोट आपोआप वर सरकलं. मशीन इतका वेळ कोकलत राहिलं, की वाटलं बाहेरच्या रांगेलाही कळलं. असो. याला माघार म्हणत नाहीत, डावपेच म्हणतात. भाऊंच्या एवढ्या ढिगात माझं एक मत दिसणार कुणाला?

१७ मार्च, निकाल
भाऊ जिंकले, पण पलीकडच्या वस्त्यांच्या जोरावर. आमच्या बूथवर सगळी मतं बाईंना. भाऊंना एक.
एक.
जिन्यात डॉक्टर गरजत होते, कोण तो गद्दार? सगळ्यांत मोठ्याने मीच विचारलं, कोण तो? हळूहळू कळलं, कॅलेंडरं सगळ्यांनी भीतीने लावली होती. भाऊंशी वाकडं कोण घेणार, म्हणे. काय भित्री माणसं आहेत.
पण आकडे भाऊंनीही बघितले असणार. आता ते कॉलनीवर राग काढणार. पहिला घाव गॅलरीवर. सुटकेचा एकच मार्ग: ते मत खरोखर माझंच आहे. उद्या गुपचूप जाऊन भाऊंना सांगणार.

१८ मार्च
भाऊंचं ऑफिस. बाकांवर आमची कॉलनी बसलेली. डॉक्टर छताचा पंखा न्याहाळत होते. सगळ्यांचं आपलं काही ना काही किरकोळ काम.
माझा नंबर आला. वाकून हळूच म्हटलं, भाऊ, ते एक मत माझं. भाऊ ठसका लागेपर्यंत हसले. म्हणाले, एका मताला इतके बाप असतात हे माहीत नव्हतं. मी लेकीची शपथ घेतली. तर म्हणाले, राहू द्या हो, वहिनी सकाळीच येऊन गेल्या. मत त्यांचं. नवरा कट्टर विरोधक आहे, कुणाचं ऐकत नाही, पण त्याचा राग पोरीच्या खोलीवर काढू नका, तिची परीक्षा आहे, असं म्हणाल्या. खोलीला हात लागणार नाही, असा शब्द दिलाय मी.
मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुम्ही मात्र जपून राहा. हात जड होता.
अख्ख्या कॉलनीत एकच माणूस भाऊंना खरंच मत देतो, आणि भाऊंच्या लेखी शत्रू तोच. मतदान गुप्त. पुरावा आणू कुठून?

१९ मार्च
बायको म्हणाली, भाऊंसमोर खोटं बोलताना मला दोनदा पाणी मागावं लागलं. मत तिनेही बाईंनाच दिलेलं. म्हणाली, तुम्ही घाबरला नाहीत, मग मी तरी का घाबरू? आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून रद्दीत टाकलं. ओल चांगलीच पसरली आहे. दार वाजलं की मी दचकतोय.
लेक अभिमानाने बघत होती. विचारलं, बाबा, बटण दाबताना भीती नाही वाटली?
म्हटलं, वाटली.
आज दिवसभरात तेवढंच खरं बोललो.