रंगलेला विडा

मंगळवेढे,
शनिवार, ता. २० जानेवारी १९३४

चि. कुंडलिक यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझे कार्ड परवा पोचले. इकडे ज्वारी बरी आहे, हुरडा निघू लागला. सासूबाई अजून जेवताना तुझ्या दाजींचे ताट मांडतात आणि मग आपणच उचलून ठेवतात.

गिरणीतले दाजींचे दोन्ही माग तुला मिळाले हे बरे झाले. खात्याच्या मुकादमाने, जॉबरने, शब्द पाळला. तुझा हात त्यांच्यासारखाच चालतो असे दाजीच म्हणत.

खोकल्यासाठी तू दाजींची पूड मागितली आहेस. सुंठ, पिंपळी, गूळ आणि अफू. तुमच्या खात्यातले निम्मे लोक ती घरी येऊन नेत. ती मी पाठवणार नाही. कृतीही लिहिणार नाही. अफूने खोकला दबतो आणि माणूस पाळी संपेपर्यंत उभा राहतो, एवढाच तिचा गुण. मी दवाखान्याचे नाव काढले की दाजी म्हणत, "दवाखान्यात गेलं की मानूस आजारी पडतंय. न्हाय गेलं तर नुसता खोकला हाय." आजारी म्हणून नाव लागले की माग बदलीवाल्याकडे जातो, म्हणून सगळी गिरणी असेच बोलते.

दुसरे. धोट्याच्या भोकातून सूत तुम्ही तोंडाने ओढता. दाजींच्या तोंडाला लागलेले धोटे आता तुझ्या तोंडाला लागतात. ते आजच बदलून घे आणि सूत ओढायला तारेचा बारीक आकडा बनव. शेजारच्या मागावरचा गुरुलिंग हसेल, "काय कुंडलिका, टोपरं इनायला बसलास व्हय?" म्हणेल. म्हणू दे.

तुझ्या कार्डाची शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. "अक्का, मीही आता पान खायला शिकलो."

दाजींनी जन्मात पान खाल्ले नव्हते. गेल्या श्रावणात एकाएकी खाऊ लागले. गुरुलिंग दारात उभा राहून म्हणाला, "इडा लई रंगलाय की, हिंदुराव! वैनीची माया दिसती." दोघेही हसले. पण धोतर मी धूत होते. पानाचा डाग वाळला तरी लालच राहतो. हा डाग वाळून रक्तासारखा तपकिरी होई. मी त्याच दिवशी विचारले. म्हणाले, "चुना जास्त झाला, जीभ भाजली." दिवाळीनंतर दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला.

तुला अजून तसे काही नसेल. असले तरी लवकर कळले म्हणायचे.

सोमवारी सकाळच्या मोटारीने मी येते. तिथूनच दोघे दवाखान्यात जाऊ. गिरणीचा भोंगा झाला तर होऊ दे. माग गेले तर जाऊ देत. लग्नाआधी मी गिरणीत रिळाच्या खात्यात सूत गुंडाळत होते, बोटे अजून काही विसरलेली नाहीत. दोघांचे भागेल. सासूबाईंना विचारले, त्या "जा" म्हणाल्या.

दाजींच्या पुडीची डबी राखेने घासून घेतली. आता तिच्यात मीठ आहे.

मोटारीवर घ्यायला येशील तेव्हा तोंडात पान नको. माझ्यासमोर थुंकून दाखव.

तुझी अक्का,
मुक्ता