गिअरबॉक्सची गादी आणि लीलाचं स्थळ

कोल्हापूर,
ता. २२ एप्रिल १९५४

ती. दादांस,

धाकटी बहीण अंबू हिचा सा. नमस्कार. तुमचा गुडघा कसा हाय? वैनीनं त्यावर चार ओळी लिहिल्या, पण उजवा का डावा ते लिहिलंच न्हाय. कुठलाबी असू दे, शेकत जावा. आमी समदी खुशाल. आब्रू तेवढी गेली, ती मोटारीपायी.

आमच्या जुन्या मोटारीचा गिअर चालता चालता निसटतो, हे तुमास ठावं हाय. गिअरबॉक्सच्या बुडाला रबराची गादी असती, ती आमची झिजून पापड झालेली. म्हणून कुठं जायचं तर आमची लेक लीला पुढं बसून गिअरचा दांडा दोन्ही हातांनी धरायची. आता तिचंच स्थळ मलकापुरास निघालं. मुलगा सयाजी, घरची पिठाची गिरणी. आमी घर बघाय जायचं ठरलं. त्यात नवरीनं जायचं नसतं, मग दांडा धरायचा कुणी? (मी धरते म्हटलं, तर आमचं मालक म्हणालं, तू दांडा मुळासकट काढशील.)

आमच्या मोटारीची गादी आता मिळत न्हाय, म्हणून मालकांनी मुंबईहून दुसऱ्याच कंपनीची मागवली. ती दगडागत कडक. नव्या चपला चावू नयेत म्हणून आपण तेलात मुरवतो, तशी ही आठ दिस तेलात पडली (वर रॉकेलचा शिपका). कातडं मऊ पडतं, रबर फुगतं, हे मालकांना कोण सांगणार? गादी पुरीगत टम्म. ज्ञानू मिस्त्रीनं शिव्या घालत ठोकून बसवली, तर गिअरबॉक्स वर उचलला आणि दांडा आडकला. आधी धरावा लागायचा, आता उपटावा लागतो. तेवढा झटका एका लीलाच्याच मनगटात.

म्हंजे पुन्हा लीलाच. तिला पुढं बसवून वर घोंगडं टाकलं आणि गप बस म्हटलं. मलकापुरात चहापोहं झालं, घर पसंत पडलं, निघालो. बोळ आरुंद, मोटार मागं घ्यायची, दांडा हलंना. सयाजीनं खिडकीतनं हात घालून जोर लावला, त्याच्या चुलत्यानं लावला. तेवढ्यात घोंगड्यातनं बांगड्यांचा हात बाहेर आला, खाडकन गिअर टाकला आणि परत आत गेला.

मग सयाजीची आई बनाबाई घोंगड्याकडं वाकून म्हणाली, "पावणं, घर बघाय आलासा का सून पोचवाय?"

मी तोंडाचा पदर वाटेतल्या बांबवड्यापर्यंत काढला न्हाय. स्थळ मोडलं असं समजा आणि वैनीला हळूच सांगा. पोरांस आशीर्वाद.

तुमची अंबू

ता. क. पत्र टाकायच्या आत बनाबाईचा निरोप आला. गिरणीच्या इंजनाचं हँडल मारताना सयाजीचा खांदा धरतो, तवा हीच सून पायजे म्हणती. वैशाखात लग्नाचा बार.

आणखी एक. गादी तेलात घालायची अक्कल माझी. मालकांना आता आपलीच वाटती, वाटू दे.

आणि म्हत्त्वाचं ऱ्हायलंच. लग्नाच्या घाईत मोटार रोज लागणार आणि नवरीला आता दांड्याला लावता येत न्हाय. तुमच्या लेकीला, बाळाबाईला लगोलग पाठवा, शिवण शिकाय म्हणून. दिवाळीत तिनं आमच्या कोठीच्या दाराची कडी उपटून माझ्या हातात दिल्ती, तवापासनं पोर माझ्या ध्यानात हाय.