गोदीने नाव विचारलं

श्रीवर्धन, माघ वद्य सप्तमी, १९३१. दिवेलागण.

आजही रडू आलं नाही. बाळ तापाने गेलं, त्यानंतर दिवाळी, संक्रांत दोन्ही होऊन गेल्या. हे मुंबईला नोकरीवर परतले. मागे मी आणि ही सुपारीची वाडी. विहिरीवरचा रहाट दिवसभर कुरकुरतो, डोकंही तसंच फिरतं. वैद्यांना आधी बोलावलं असतं तर? काढा द्यायला उशीर केला का मी? सकाळी तुळशीला पाणी घातलं आणि विसरून पुन्हा घातलं. रहाट थांबला तरी डोकं थांबेना.

दुपारी रहाट हाकणाऱ्याची बायको गोदी आली. "वयनी, एकल्या बसू नका. चला, सुपारी सोलू." गेले. नाही म्हणायलाही त्राण लागतं.

अंगणात दोघी सोलत होतो. मग तिने मान वर न करता विचारलं, "समदी बाळ म्हनायची. पोराचा नाव काय ठेवला व्हता?"

मला वाईट वाटेल म्हणून कोणी नाव काढत नाही. हे पत्रातही लिहीत नाहीत. मला तर काही वाटतच नाही.

"वसंत," मी म्हटलं. किती दिवसांनी तोंडातून निघालं.

"माझा पयला गनू," ती म्हणाली. "तो पन असाच तापानं गेला."

रोज या वाडीत राबणारी बाई. मला ठाऊकच नव्हतं.

रडू तिथेही आलं नाही. पण उठताना तिने हात दिला, तो मी बराच वेळ सोडला नाही.